आईंनी निवडलेली जांभळी डे लिली

होळीच्या आधीचा रविवार. आम्ही दोघी मुरबाडच्या एका नर्सरीत... मी आणि माझ्या सासूबाई.

गेल्या पावसाळ्यात शहापूरच्या आमच्या दारातला जुना शेवगा पडला आणि अंगणात दिवसभर ऊन यायला लागलं. तिथे डे लिलीचा वाफा करायचा असं मी ठरवलं. शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे रंगही ठरलेले... रंगचक्रात पिवळ्याच्या बरोबर समोर जांभळा. शेजारी शेजारी आले की दोन्ही खुलतात.

आईंना खरं तर घराबाहेर काढायचं होतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं होतं, पण दुसऱ्याला ठाम नकार. "एका डोळ्यानं भागतंय माझं, त्या टेबलावर परत मी नाय जायची." सगळे समजावून थकलो. इकडे त्या ओट्याची पायरी चुकायच्या आणि आम्ही धरायला धावायचो.

पिवळी लगेच मिळाली, लिंबाच्या सालीसारखी. अडकले ती जांभळ्यात. एक वाइन रंगाची, एक फिकट, एक गर्द... आतून मधोमध पिवळी असलेली. म्हटलं, "आई, तुम्हीच सांगा."

त्या गर्द जांभळीपुढे वाकल्या. रंग नीट दिसावा म्हणून काळा चष्मा काढला, तर उन्हानं ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी आलं. त्यावर पदर धरला... आणि तशाच थबकल्या.

"अगो सुजाता, फूल बदललं काय?"

"नाही हो, तेच आहे."

"मग आत्ताच तर जांभळं होतं. हे मातकट दिसतंय!"

पदर काढला, दुसरा डोळा झाकला. पुन्हा उलट. मग पुढच्या फुलाशी, त्याच्या पुढच्या... नर्सरीवाल्या ताई झारी खाली ठेवून बघतच राहिल्या.

शेवटी आई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हंजे या मोतीबिंदूच्या डोळ्यानं मला इतकी वर्षं फसवलं! माझी जांभळी साडी विटली म्हणून मी धाकट्या बहिणीला देऊन टाकली गो!"

आम्ही तिघीही इतक्या हसलो... आणि हसता हसताच त्या म्हणाल्या, "डॉक्टरला फोन लाव. दुसरा डोळा कधी करतात, विचार."

महिनोन् महिने आम्हाला जे जमलं नव्हतं ते एका फुलानं केलं. रोपांच्या मधोमध उभी राहूनच मी नवऱ्याला फोन लावून हे सांगितलं.

रोपं आईंनी स्वतः लावली, शेणखत घालून. नंतर दुसरा डोळाही झाला. या वेळीही घाबरल्या, पण गेल्या.

आज सकाळी वाफ्यात पिवळी आणि जांभळी पहिल्यांदाच एकत्र उमलली. फूल एकाच दिवसाचं, म्हणून आईंनी अंगणातच खुर्ची टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून दाखवत बसल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, दिसतंय की आमाला, जांभळं हाय ते."

आई म्हणाल्या, "तुला रोजच दिसतं गो. मला आता दिसतंय."

डॉक्टरांचे आभार तेव्हाच मानले होते... त्या फुलाचे मानायचे राहिले होते, ते संध्याकाळी मिटायच्या आत इथे मानते.