पेनड्राइव्ह काढला की बंद

आमच्या घरात लॅपटॉपला लॅपटॉप म्हणत नाहीत, ‘त्यानं दिलेला’ म्हणतात. तो म्हणजे माझा धाकटा भाऊ, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत असतो. स्वतःला नवीन घेतला तेव्हा जुना त्यानं आप्पांना दिला. आप्पा म्हणजे आमचे वडील, ते त्यावर बुद्धिबळ खेळतात आणि खाऱ्या हवेनं खराब होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी पुसून त्यावर नॅपकिन घालतात. त्यांच्या गोळ्या मी आणते, इन्व्हर्टरमध्ये पाणी मी घालते, मिरजोळ्याच्या एका कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसते. पण कॉम्प्युटरमधलं कळतं ते फक्त त्याला. यानं माझा जळफळाट होतो. सभ्य शब्द शोधत नाही.

यंदा लॅपटॉप इतका मंदावला की आप्पांचा घोडा अडीच घरं जाईपर्यंत माझा चहा उकळून व्हायचा. भाऊ फोनवर म्हणाला, विंडोज काढून लिनक्स नावाची हलकी सिस्टिम टाकायला हवी, गणपतीत आलो की बघतो. आप्पा लगेच गणपतीची वाट बघू लागले. मी म्हटलं, “मी टाकते.”

“तू? अगो, त्याला येऊ दे. उगाच बिघडवून ठेवशील.”

ते ‘उगाच’ माझ्या डोक्यात गेलं. ऑफिसच्या एका पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून आणलं. रविवारी सकाळी आप्पांचे फोटो दुसरीकडे काढून ठेवले आणि बसले. पडद्यावर येईल त्या प्रश्नाला उत्तर देत गेले आणि जेवणाआधी लिनक्स सुरूही झालं. घोडा टुणकन उडी मारायला लागला. आप्पांनी एकदा तरी ‘तुझ्यामुळे झालं’ म्हणावं, एवढीच माझी हाव होती. ते म्हणाले, “बरं चालतंय की.” तेवढ्यावरही मी खूश झाले. लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला आणि मासे आणायला गेले.

परत येते तर आप्पा पडवीत फोन कानाला लावून उभे. “अरे, हिनं घालवला रे तुझा लॅपटॉप!”

लॅपटॉपवर नुसता काळा पडदा होता आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की सुरू करण्यासारखं काही सापडत नाही. बांगडे मोरीत ठेवले आणि हात धुऊन बसले. पेनड्राइव्ह लावला की सुरू. काढला की बंद. आप्पांनी तोडगा काढला, “मग राहू दे तो तिथंच. वर चिकटपट्टी लाव.”

चिकटपट्टी! भाऊ गणपतीत येणार, ती पट्टी बघणार आणि गालातल्या गालात हसणार, हे मला तिथंच दिसलं. मेले तरी पट्टी लावणार नव्हते.

मोबाइलवर खूप वाचल्यावर चूक सापडली. बूटलोडर म्हणून एक छोटा प्रोग्रॅम असतो. बटण दाबल्यावर तो आधी जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. तो कुठं ठेवायचा, असं लॅपटॉपनं मला सकाळी विचारलं होतं. दोन सारखीच दिसणारी नावं समोर आली आणि मी घाईत पेनड्राइव्हचं निवडलं. लिनक्स घरात आणि त्याला उठवणारा माझ्या पर्समध्ये! पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला, पासवर्ड दिला आणि बूटलोडर लॅपटॉपच्याच डिस्कवर बसवायची आज्ञा दोनदा तपासून टाइप केली. बंद केला. पेनड्राइव्ह काढला. बटण दाबलं.

सुरू झाला. भावाला एका शब्दानंही न विचारता.

आप्पांनी आधी फोन लावला, तोही स्पीकरवर. “झाला रे सुरू! तू आहेस म्हणून बरं.”

“आप्पा, मी काहीच केलं नाही,” भाऊ म्हणाला. “मला कुठं येतंय त्यातलं एवढं? सगळं ताईनंच केलं. तिला म्हणा शाबास.”

मी आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी फोन ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे.

“ऐकलंस?” ते म्हणाले. “सगळं श्रेय तुला देऊन मोकळा झाला. मन किती मोठं गो त्याचं!”