सेन्सरवरचं हळदीकुंकू

विद्युतधारा मोजायचा सेन्सर आमच्या सांगलीच्या शाळेत आला तो माझ्या हट्टानं. प्रयोगशाळेतल्या जुन्या ॲमीटरचे काटे अडकलेले. मुली शेजारणीचा आकडा बघून लिहायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. सेन्सर जोडला की बल्बमधून किती करंट वाहतोय त्याची रेघच लॅपटॉपवर उमटते. एका संस्थेनं तो तात्पुरता दिला होता. त्यांचे पाहुणे येऊन प्रयोग बघणार, नीट झाला तर सेन्सर आमच्याकडं राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेला जाणार. मला तो हवा म्हणजे हवाच होता.

जोडणी मी शिकून घेतली. सेल, बल्ब आणि सेन्सर एकामागं एक, एकाच वाटेवर. लाल पिन लाल भोकात, काळी काळ्यात. आधी रेघ शून्यावर आणायची, मग बटण दाबायचं. रेघ पहिल्यांदा वर चढली तेव्हा नववीच्या मुली बाकं सोडून लॅपटॉपभोवती गोळा झाल्या. मी त्यांना रागावलेही नाही.

या सगळ्यात माझ्या बरोबरीनं राबला तो आमचा दुसरा विज्ञानशिक्षक. जतकडचा, माझ्याहून बराच लहान, अजून कायम न झालेला. मला ताई म्हणायचा, भाऊबीजेला घरी यायचा. त्याच्यासाठी मी डब्यात एक भाकरी जास्तीची आणायचे. परका असता तर मला एवढं लागलंच नसतं.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा होते. त्या दिवशी मी रजा काढून साताऱ्याला माहेरी गेले होते. त्यानं बाकीच्या उपकरणांबरोबर सेन्सरही पाटावर मांडला. बरं केलं. पण कोरडी चिमूट टेकवायची सोडून यानं हळदीकुंकू पाण्यात कालवून लावलं, आणि ते पिनांच्या भोकांत उतरलं. हे मला नंतर कळलं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, "एकदा लावून बघूया का?"

"आवं ताई, कालच बघितलंय मी. लय झकास चालतंय. तुमी पोरींची तयारी घ्या."

मी गेले तयारी घ्यायला.

पाहुण्यांसमोर बटण दाबलं. बल्ब मिणमिणला, विझला, परत लागला. पडद्यावरची रेघ उड्या मारायला लागली. मी वायरी बदलल्या, पिना दाबून बघितल्या, घामानं निथळले. एका पाहुण्यानं त्याला विचारलं, "नेमकं काय झालंय?" आणि हा माझा भाऊ खाली बघत म्हणाला, "मॅडमची जोडणी सैल राहिली असंल." मुख्याध्यापक कसनुसं हसले आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेले. जाता जाता पाहुण्यांनी सांगितलं, सेन्सर पेटीत भरून ठेवा.

भरताना पिन उपसली तर टोकाला पिवळा-तांबडा राप. मी ती त्याच्यापुढं धरली. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "दोन्ही भोकं पुसली होती की ताई. तरी राहिलंच."

म्हणजे याला ठाऊक होतं. सकाळी 'झकास चालतंय' म्हणतानाही ठाऊक होतं. माझं डोकं असं फिरलं की हातातली वायर त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली. केसानं गळा कापतात तो असा.

"माझी कायमची ऑर्डर निघायची हाय, ताई," तो म्हणाला. "तुमचं नाव चांगलं हाय. तुमाला कोण काय बोलतंय?"

मी पिन पुसली आणि पेटीत ठेवली. त्याच्या पोटावर पाय देऊन माझा सेन्सर थोडाच परत येणार होता? पाहुणे पेटी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी नववीच्या तासाला एका मुलीनं चाचरत विचारलं, "बाई, तुमची जोडणी सैल राहिली म्हणून सेन्सर नेला का?" तो खडू मागायला म्हणून दारात आला होता. त्यानं ऐकलं. मी त्याच्याकडं बघत राहिले. आता इथं मुख्याध्यापक नव्हते, पाहुणे नव्हते, नुसत्या मुली होत्या. एक वाक्य बोलला असता तरी मी सगळं विसरले असते.

तो आत आला, टेबलावरचा खडू उचलला आणि वर्गाकडं बघून मायेनं म्हणाला, "असू द्या, पोरींनो. बाईंनी काय मुद्दाम केलं न्हाई."