यिर्मया मास्तरांचा शेवटचा उपदेश

ज्या रविवारी यिर्मया मास्तरांचा उपदेश असे, त्या रविवारी आमच्या चर्चमधले मागचे बाक आधी भरत. एरवी पुढे बसण्यावरून कुरबुर करणारी माणसं त्या दिवशी मोठ्या नम्रतेने मागे सरकत. कारण मास्तर बोलताना छताकडे किंवा खिडकीकडे बघत नसत, माणसाकडे बघत, आणि वाक्य संपेपर्यंत नजर हलवत नसत. ज्याच्यावर ती नजर थांबे, तो बिचारा उगीच गीतांच्या पुस्तकाची पानं चाळू लागे.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. यिर्मया हा बायबलमधला जुन्या काळचा संदेष्टा, देवाचा निरोप लोकांना सांगणारा. राजापासून रस्त्यावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना त्यांच्या चुका तोंडावर सांगितल्या म्हणून त्याने जन्मभर हाल सोसले. आमच्या गावात कोणीतरी मास्तरांच्या पाठीमागे हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "मला येवढं मोठं करू नका. त्याला हौदातल्या चिखलात सोडलं होतं. मला तर तुम्ही अजून चहा पाजून राह्यले."

भोकरदनच्या रस्त्याला आमचं जुनं मिशनचं आवार आहे. एक चर्च, चार चिंचा, एक विहीर आणि आवाराला लागून आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, जालन्याहून महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी येत. बाकीचे रविवार मास्तरांचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, बायको लवकर गेलेली, मुलगी पुण्याला. पुलपिटवर, उपदेशाच्या त्या उंच ओट्यावर, उभं राहणं हाच त्यांचा संसार होता म्हटलं तरी चालेल. शनिवारी दुपारपासून ते अंगणात येरझाऱ्या घालत आणि स्वतःशीच वाद घालत. त्या वेळी त्यांच्याकडे कोणी गेलं तर पाणीसुद्धा विचारत नसत.

संदेष्ट्यांविषयी ते शेजारपाजारच्या माणसांसारखं बोलत. आम्हा मुलांना ते रविवारच्या शाळेत शिकवायचे. यशया म्हणजे दरबारात ऊठबस असलेला, शब्द जपून वापरणारा. होशेयाचा संसार बिचाऱ्याचा नीट झाला नाही, पण बायकोवरची त्याची माया काही आटली नाही. आणि आमोस त्यांचा सगळ्यात लाडका. तो मेंढ्या राखणारा माणूस. मोठमोठ्या उत्सवांत जाऊन तुमच्या गाण्यांचा आणि नैवेद्यांचा देवाला वीट आलाय, आधी गरिबाला न्याय द्या, असं सांगणारा. आमोसाचं सांगताना मास्तर खिडकीतून आवारामागच्या वस्तीतल्या मेंढ्यांकडे बोट दाखवायचे. लहानपणी मला कितीतरी वर्षं वाटायचं की आमोस आमच्याच मागे राहून गेला असावा.

संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, हा गैरसमज आमच्याकडे घट्ट होता. मास्तर संदेष्ट्यांवर एवढं बोलतात म्हणजे त्यांना पुढचं दिसत असणार, या हिशेबाने माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. मुलगी कुठे द्यावी, पोराचं एमआयडीसीतल्या स्टीलच्या मिलमध्ये जमेल का, बोअरला पाणी लागेल का. मास्तर शांतपणे सांगत, "उद्याचं पिंगळ्याला इचारा. संदेष्टा आजचं सांगतो. आज तू काय करून राह्यला, ते." माणसं हिरमुसून उठत. आजचं ऐकायला कोणी आलेलंच नसे.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. संदेष्ट्याचं अर्धं काम लोकांशी भांडायचं आणि अर्धं काम त्याच लोकांसाठी देवाशी भांडायचं. पहिलं करून दुसरं जो टाळतो तो नुसता भांडखोर. हे ते पाळत. माझे काका गावात कापूस घ्यायचे आणि त्यांच्या काट्याबद्दल बायका दबक्या आवाजात बोलायच्या. एका रविवारी मास्तरांनी खोट्या वजनावर उपदेश केला आणि नजर काकांवर ठेवली. काका घरी येऊन भांड्यांवर भांडी आदळत होते. संध्याकाळी मास्तर दारात हजर. काकूच्या गुडघ्यांसाठी तेल आणलेलं. काकांच्या शेजारी पाटावर बसून ते जेवले, त्यांच्यासाठी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, आणि काट्याचा विषयही काढला नाही. काकांनी काटा बदलला. मास्तरांच्या धाकाने की प्रार्थनेने, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण विहिरीचं प्रकरण एवढ्यावर भागणारं नव्हतं.

आवारातल्या विहिरीवर मागच्या वस्तीतल्या बाया आजी-पणजीच्या काळापासून पाणी भरत आल्या होत्या. वस्ती मजुरांची आणि मेंढरंवाल्यांची. आमच्या चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष शांतवनराव यांनी आवाराला फाटक बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. कारण असं दिलं की बाहेरचे लोक विहिरीत घाण करतात. त्यानंतर विहिरीतून एक पाइप निघाला आणि शांतवनरावांच्या मोसंबीच्या बागेत गेला. बाग चर्चला लागूनच. हे सगळ्यांना दिसत होतं. शांतवनराव माणूस दिलदार होता, चर्चचं छप्पर त्यांनीच बदलून दिलं होतं. म्हणून जो तो दुसरीकडे बघत होता. मास्तर दोनदा त्यांच्या घरी जाऊन गोडीगुलाबीने बोलून आले. शांतवनराव त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी चहा दिला, मोसंब्या दिल्या आणि विषय बदलला.

मग हंगामाचा सण आला. आमच्याकडे त्या रविवारी शेतातलं पहिलं पीक देवासमोर आणून ठेवतात. कणसं, हरभऱ्याचे डहाळे, भोपळे, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना झाली की तिथेच त्याचा लिलाव होतो आणि मोठी मजा येते. त्या वर्षी वेदीसमोर शांतवनरावांची मोसंब्यांची पाटी सगळ्यांत पुढे होती. मास्तर उपदेशाला उठले, पुलपिटवर चढलेच नाहीत. खाली वाकून त्यांनी पाटीतली एक मोसंबी उचलली आणि शांतवनरावांकडे बघत म्हणाले, "शांतवन, हिच्यात पाणी कोणाचं हाय रे?"

चर्चमध्ये कोंबडीच्या पंखांची तेवढी फडफड ऐकू येत होती. मास्तर पुढे म्हणाले, "फाटकाबाहेर घागरी रिकाम्या हायेत, आन् आपण हे घेऊन देवापुढं आलो. त्यो न्हाई घ्यायचा." त्यांनी ती मोसंबी परत पाटीत ठेवली आणि जागेवर जाऊन बसले. एवढाच उपदेश. त्या दिवशी लिलावात पाटीवर बोली लावायला कोणी तोंड उघडलं नाही, आणि शांतवनराव आपली पाटी आपणच उचलून घरी घेऊन गेले.

कमिटीने मास्तरांचे रविवार काढून घेतले. देवाच्या घरात माणसाचा अपमान केला, असं कारण झालं. संध्याकाळी मास्तर शिरस्त्याप्रमाणे शांतवनरावांच्या दारी गेले. दार उघडलं नाही. पुढेही कित्येक संध्याकाळी ते जात राहिले आणि ओट्यावर थोडा वेळ बसून परत येत. चर्चमध्ये जालन्याहून एक तरुण उपदेशक येऊ लागला. तो गोड बोलायचा, सगळ्यांना आशीर्वाद सांगायचा. पुढचे बाक भरू लागले. मी मास्तरांना विचारलं, याचं बोलणं कसं वाटतं? ते म्हणाले, "यिर्मयाच्या येळी राजाकडं असे लई होते बाई. राजा खूश, ते बी खूश." एवढं बोलून हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. शनिवारची येरझार त्यांची सुटली नव्हती. ते पाहून मला फार वाईट वाटायचं. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला जेवायला कोणी उरू नये, तसं ते होतं.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्याला विहीर तळाला गेली. मोसंबीची झाडं उभी वाळली आणि आमच्या घरांतही पिण्याच्या पाण्याचे वांधे झाले. टँकर यायचा तो मागच्या वस्तीला. शेवटी एके दिवशी शांतवनरावांची बायको रिकामी घागर घेऊन टँकरच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. वस्तीतल्या म्हाताऱ्या गयाबाईने तिला हाताला धरून पुढे नेलं आणि तिची घागर आधी भरून दिली. एक शब्द टोचून बोलली नाही. बायकोच्या डोक्यावर ती घागर बघून शांतवनराव उठले आणि त्यांनी फाटकच बिजागरीतून काढलं. पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, वस्तीतल्या बाया पुन्हा येऊ लागल्या. पाइप गुंडाळून चर्चच्या मागे पडला तो अजून तिथेच आहे.

हंगामाच्या सणाचा उपदेश मास्तरांनीच करावा, असं शांतवनरावांनी कमिटीत स्वतः सुचवलं. त्याच आठवड्यात मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुण्याहून मुलगी आली, तिने न्यायची तयारी केली. शांतवनराव म्हणाले, सणापुरतं थांब पोरी.

त्या रविवारी चौघांनी खुर्चीसकट मास्तरांना चर्चमध्ये आणलं. वेदीसमोर मोसंब्या नव्हत्या. मागच्या वस्तीतल्या बाया पहिल्यांदाच आत आल्या होत्या आणि भिंतीला टेकून बसल्या होत्या. शांतवनरावांनी मास्तरांना काखेत धरून उभं केलं. मास्तरांनी तोंड उघडलं. ओठ वाकडे झाले, गळ्यातून घरघर आली, शब्द येईना. ते पुन्हा प्रयत्न करत होते, पुन्हा. आम्हाला बघवेना.

शांतवनरावांचा बांध तिथे फुटला. मास्तरांना तसंच घट्ट धरून ते म्हणाले, "मास्तर, बोला ना. शिव्या द्या मला. ह्या खेपेला मी ऐकून घेतो, बिलकुल उठून जात न्हाई."

मास्तर बराच वेळ झगडले. मग त्यांनी तो नाद सोडला, आणि चालत होता तो डावा हात उचलून शांतवनरावांचे डोळे पुसले.