डावा हात दाखवा

"डावा हात दाखवा."

गॅरेजच्या दारात कोणीही गाडीवाला उतरला की आमच्या मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. नाव, गाव, गाडीचं दुखणं, सगळं मागून. नवीन माणूस गांगरून जायचा. फुलसावंगीकडच्या एका बापड्यानं तर नळावर हात धुतला, विजारीला पुसला, मिस्त्रींपुढे धरला आणि हळूच विचारलं, "माणसाचा उजवा पाह्यतात ना, महाराज?"

"उजव्यानं तू स्टेरिंग धरतो," मिस्त्री म्हणाले. "त्याचं मले काय करा लागते? गिअर कोन्या हातानं टाकतो?"

हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकायची. दिग्रसला जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. त्याला लागून मिस्त्रींचं गॅरेज होतं, आणि मधे नुसता पत्रा. त्यांनी तिकडे हातोडा मारला की इकडे माझी सुई टाका चुकवायची. सुरुवातीला मी जाऊन भांडलेसुद्धा. भांडायची मला लाज नाही, आमच्या घरच्यांना विचारा. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, "जयभीम वैनी, च्या घेता?" म्हणाले, आणि मी चहा पिऊन परत आले. हातोडा चालूच राहिला.

त्यांचं खास काम होतं पिकअप उचलायचं. इकडची वावरं काळ्या मातीची, रस्ते नाल्यांतून जाणारे. साधी पिकअप पोट घासत जाते. मग लोक मोठी चाकं टाकायचे, आणि ती चाकं बॉडीला घासू नयेत म्हणून चेसिस आणि बॉडीच्या मधात लोखंडी गुटके, म्हणजे ठोकळे, घालून बॉडी वर उचलून घ्यायचे. हे काम बरेच जण करतात. घोटाळा होतो तो त्याच्यानंतर. बॉडी वर जाते, सीट वर जाते, सीटवरचा माणूस वर जातो, पण गिअरबॉक्स चेसिसला बसवलेला, तो राहतो खालीच. गिअरचा दांडा केबिनमध्ये बुटका होऊन बसतो. वाकल्याशिवाय हाती लागत नाही, आणि हाती लागला तर केबिनच्या तळातल्या भोकाच्या कडेला आपटतो.

"दोघाइची फारकत झाली," मिस्त्री गाडीवाल्याला समजावून सांगायचे. "आता त्याइची भेट मले घालून द्या लागते."

बाकीचे गॅरेजवाले दांडा कापून मधे एक तुकडा जोडून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. मिस्त्रींना ते पटायचं नाही. त्यांच्याकडे कोपऱ्यात तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा असायचा, आपण चुलीत घालतो त्याच. ते गाडीवाल्याला सीटवर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, "आता रस्त्यावर आहे तू. गप्पा मारत मारत गिअर टाक." माणूस हवेत हात हलवायचा. त्याचा हात जिथे जिथे जाईल तिथे मिस्त्री तुराटी धरायचे, मोडायचे, सुतळीनं दुसरी बांधायचे. वाकडातिकडा तुराटीचा दांडा तयार झाला की तसाच्या तसा लोखंडात वाकवून घ्यायचे. वेल्डिंगला समोरचा खिडक्या-गेटवाला यायचा. तो पाहायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, सरळ दांडा काय वाईट दिसते?"

"हात सरळ आहे का कोनाचा?" मिस्त्री म्हणायचे.

आता मी यात कशी आले, ते. एक दिवस मिस्त्री दांड्याच्या बुडाचं फाटकं रबर घेऊन माझ्या दुकानात. दांडा जिथून वर येतो तिथे धूळ येऊ नये म्हणून ते घातलेलं असतं. गाडी उचलली की ते ताणून फाटतं, आणि नव्या मापाचं बाजारात मिळत नाही. दुकानात दोन बाया ब्लाउजचं माप द्यायला बसलेल्या. मिस्त्री काळ्या हातानं ते रबर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "वैनी, याले एक झंपर शिवून द्या. गळा लहान, घेर मोठा."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी चांगलंच झापलं. मग ते रबर उलटसुलट करून पाहिलं, आणि खरंच झंपरासारखंच होतं ते. रेक्झिनचं शिवून दिलं. तेव्हापासून दिग्रसमधल्या प्रत्येक उचललेल्या पिकअपच्या गिअरला माझ्या हातचं झंपर आहे. पाटीवर मी ते लिहिलेलं नाही, पण आहे.

माप देताना लबाडी केलेली मिस्त्रींना बिलकूल चालायची नाही. एक जण गुडघा दुखतो म्हणून घरी बसला आणि माप द्यायला मेहुण्याला पाठवलं. मिस्त्रींना हे ठाऊक नव्हतं. दांडा असा चपखल बसला की मेहुणा गाडीतून उतरायलाच तयार होईना. मालक बसला की दुसरा गिअर त्याच्या मांडीत शिरायचा. तो भांडायला आला. "गाडी तुही असन," मिस्त्री म्हणाले, "पन दांडा तुह्या मेहुन्याचा आहे. त्याले तरी राहू दे, नाईतर स्वतः ये." आजही ती पिकअप मेहुणाच चालवतो आणि मालक बाजूला बसून जातो.

दुसरा एक अंग आखडून ताठ बसला होता, फोटो काढायला बसतात तसा. मिस्त्रींनी त्याला खाली उतरवलं, पोहे खाऊ घातले, आणि तो ढेकर देऊन सैल झाल्यावर परत बसवलं. "हात खोटं नाई बोलत," म्हणायचे. "मानूस बोलते."

मिस्त्रींची बायको पोरगी लहान असतानाच गेली. प्रज्ञा त्या गॅरेजमध्येच वाढली. शाळेतून आली की मिस्त्रींच्या जुन्या पिकअपमध्ये बसून अभ्यास करायची, तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. मिस्त्री तिला सांगायचे, "तुले सासरी याच गाडीत पोचवून देतो. मीच चालवन." ती मोठी झाली, नर्सिंग शिकली, तरी दोघांचं हे चालूच. मला वाटायचं, बाप-लेकीची गंमत आहे. तसं नव्हतं. मिस्त्रींनी ती गाडी कधी विकली नाही ते यापायीच.

नेरच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला, घरदार चांगलं, फक्त घर गावाबाहेर वावरात, आणि मधे एक खोल नाला. मिस्त्री सोयरिकीला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पिकअपखाली शिरले. सगळ्या तालुक्याच्या गाड्या उचलणाऱ्या या माणसानं आपली कधी उचललीच नव्हती. बॉडी वर गेली, गुटके बसले, आणि शेवटचा बोल्ट चाकावर चढून आवळताना पाना सटकला. मिस्त्री डाव्या खांद्यावर पडले. खांदा उतरला. दवाखान्यात बसवून दिला, पट्टा बांधला, पट्टा सुटला, व्यायाम झाला. पण हात छातीपर्यंत वर यायचा आणि तिथेच अडायचा. समोर लांब जायचाच नाही. लग्न तोंडावर आलेलं.

पिकअपचा पहिला गिअर कुठे असतो, माहीत आहे ना? पार समोर, आणि ड्रायव्हरपासून सगळ्यात लांब. आणि तो बुटका दांडा तर आता आणखीच खाली गेलेला.

"बाबा, राहू द्या ना," प्रज्ञा म्हणाली. "त्याइची गाडी येऊन राह्यली. सजवून आनतीन."

मिस्त्रींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. समोरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं, स्वतः सीटवर बसले, डोळे मिटले आणि तुराटी धरायला सांगितली. मी माझं काम टाकून बघायला गेले होते. मी जे पाहिलं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, दांडा तयार झाल्यावर आलं. मिस्त्रींनी उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरलं होतं आणि त्याला पुढे नेत होते. पूर्वी जिथे जायचा तिथे.

दांडा सुरेख झाला. सरळ, उंच, पॉलिश केलेला. मिस्त्री बसले, क्लच दाबला, आणि हात अर्ध्यात थांबला. दुसऱ्या गिअरवर गाडी काढून पाहिली. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी निघाली कशीबशी. पण भरलेली गाडी नाल्यातून दुसऱ्यावर चढत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते तिथेच बसून राहिले. वेल्डिंगवाला उगाच आपली हत्यारं पुसत राहिला. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो.

"मिस्त्री," मी म्हटलं, "डावा हात दाखवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरा दाखवा. मघा दाखवला तो पडायच्या आधीचा होता. मेहुण्याचं माप दिलं तुम्ही."

वेल्डिंगवाला हसावं का नाही या विचारात पडला.

"लय वाकडा होईन दांडा, वैनी," मिस्त्री हळूच म्हणाले. "लगनाची गाडी आहे."

"माझ्याकडे म्हाताऱ्या बाया येतात. खांदा उचलत नाही त्यांचा. त्यांना मी मागून हुकाचं झंपर शिवून देते का? समोरून उघडं ठेवते. अंगाला कापड जातं, कापडाला अंग नाही. हे तुम्ही रोज लोकांना सांगता आणि स्वतःला कायले सोडता?"

मग उजवा हात त्यांनी स्वतःच मांडीखाली दाबून ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "धर रे तुराटी." डावा हात कोपरातून उठला, थोडा पुढे गेला, छातीच्या समोर थांबला. पहिला गिअर तिथे. जरा मागे, बरगडीजवळ, दुसरा. तुराटी मोडत मोडत अशी झाली की वेल्डिंगवाल्यानं दोनदा विचारलं, "हेच न?"

"हेच," मी म्हटलं.

दांडा बुडातून निघाला की पुढे जायच्या ऐवजी मागे वळायचा आणि म्हशीच्या शिंगासारखा मिस्त्रींच्या पोटाकडे यायचा. मी त्याला झंपर शिवलं. प्रज्ञाच्या लग्नाच्या पांढऱ्या ब्लाउजचं कापड उरलं होतं, त्याची पट्टी वरच्या काठाला लावली. मळणार होतीच ती. लावली तरी.

लग्न विहारात झालं. जेवणं झाली, ऊन उतरलं, आणि नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी दारात येऊन उभी राहिली. प्रज्ञानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पांढरी साडी सावरून ती बापाच्या पिकअपमध्ये चढली आणि मधल्या जागेवर बसली. नवरदेव क्षणभर घुटमळला, मग हसून तिच्या बाजूला चढला. शहाणा मुलगा. एरवी मधे बसणाऱ्याच्या गुडघ्याला गिअर लागतो, पण त्या वाकड्या दांड्यानं प्रज्ञाला ऐसपैस जागा झाली होती. आम्ही बाया मागे, आंदणाच्या भांड्यांत आणि गाद्यांत. सजवलेली गाडी रिकामी मागून यायला लागली.

नेरपर्यंत गाणी झाली, एकमेकींची टिंगल झाली. मग नाला आला. उन्हाळा, पाणी नव्हतं, पण तळात गोटे आणि वाळू, आणि पलीकडे उभा चढ. सजवलेली गाडी काठावरच थांबली. तिच्यातला ड्रायव्हर उतरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आमची पिकअप उतरली. गोट्यांवरून डुलत तळात गेली आणि थांबली.

मी मागच्या काचेतून केबिनमध्ये पाहत होते. गाणं बंद झालं होतं, बायांनी भांडी धरून ठेवली होती. प्रज्ञाचा अंबाडा दिसत होता, आणि त्याच्या बाजूला मिस्त्रींचा खांदा. खांदा जागचा हलला नाही. हलला फक्त कोपर. हात पांढऱ्या पट्टीच्या वर थोडासा पुढे गेला, अगदी थोडासा, आणि खालून खटकन आवाज आला. पहिला पडला.

गाडी जड आवाज करत चढू लागली. गाद्या मागे सरकल्या, एक पातेलं गडगडत नाल्यात गेलं, बाया ओरडल्या आणि हसायला लागल्या. मीही हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम. सजवलेल्या गाडीचा ड्रायव्हर बिचारा पातेलं उचलायला धावला.

मिस्त्री लेकीच्या सासरच्या वावरात दोन दिवसांसाठी गेले आणि तिकडचेच झाले. तिथल्या नाल्यांतून जाणाऱ्या गाड्या त्यांना बघवल्या नाहीत. आता नेरला त्यांचं गॅरेज आहे. इथे माझ्या पत्र्यापलीकडे कोणीतरी खताच्या पोत्यांचं गोदाम केलंय. सुई अजिबात टाका चुकवत नाही. दुकानात फार शांत वाटतं, आणि मला ते आवडत नाही.

पण मला ते आठवतात ते त्या चढावर. गाडी वर आली, सपाट झाली, आणि मिस्त्रींनी गिअरवरचा हात उचलला. मागे वळून बघितलं नाही, रस्त्यावरची नजर काढणाऱ्यांतले ते नव्हते. फक्त डावा हात जाईल तेवढा, छातीपर्यंत, वर केला आणि मला काचेतून दिसेल असा धरून ठेवला.

आत ऐकू जाणार नाही हे माहीत होतं, तरी मी म्हटलं, "दिसला, मिस्त्री."