पडदा ओढणाऱ्याची मिशी
नकली मिशी चिकटवायच्या डिंकाचा वास आला की अमरावतीतली एक नाट्यस्पर्धा आठवते. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी राजापेठेतली फुलवाली बसली होती. तालमीहून आलेल्या नवऱ्याच्या ओठावर तिला हा डिंक दिसे. “मले म्हणते, मी पडदा ओढतो. पडदा ओढणाऱ्याले मिशी काहून लागते?” तिने मला विचारले. पडदा उघडला, नवरा नायक निघाला. नायिकेचा हात धरताना त्याला बायको दिसली आणि तो थबकला. “धरा ना! मी आली म्हून थांबले काय?” ती ओरडली. सभागृह हसले. त्याने हात धरला. तो कधी सोडतो, ते ती पाहत राहिली, तिच्याबरोबर मीही. नाटकाचे नाव आता आठवत नाही. प्रसंग संपून दिवे मालवले, तेव्हा हात सुटलेला नव्हता, एवढे आठवते.