पित्ताशयाविना बारा दिवस

हसायचंच असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा, ठसका लागेल. कारण ही एका शिकलेल्या माणसाच्या गाढवपणाची गोष्ट आहे आणि तो माणूस दुसरा कोणी नाही, मीच. माणसाच्या पोटात काय काय आणि कुठे कुठे असतं, हे मी जन्मभर मुलांना शिकवलं. शेवटची काही वर्षं धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात. आणि माझ्याच पोटातला एक अवयव मी बारा दिवस हरवून बसलो होतो. बरं, गुपचूप हरवावा ना? नाही. दोन जिल्ह्यांत जाहीर करून!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. निवृत्त होऊन जळगावात, मेहरूणला राहायला आलो होतो. स्वभाव मुळात भित्रा. त्यात डॉक्टरकी शिकलेला भित्रा. तुमच्या पोटात दुखलं तर तुम्ही ओवा चावता. माझ्या दुखलं की डोळ्यांसमोर अख्खं पुस्तक उघडतं. तर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली. तिथे यकृत. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली पित्ताशयाची पिशवी, लहानशा लांबट वांग्याएवढी. त्या पिशवीतले खडे मी मनातल्या मनात मोजायलासुद्धा लागलो.

"अहो, ते नवीन मशीन आलंय ना, त्यावर जाऊन बघून या एकदाचं," सुमन, माझी बायको म्हणाली. "तुम्ही कुशी बदलता आणि माझी झोप मोडते."

मशीन म्हणजे सोनोग्राफीचं. गावात तेव्हा त्याचं मोठं अप्रूप. आणि ते चालवणारा डॉक्टर अविनाश माझाच विद्यार्थी! सकाळी आठची वेळ मिळाली. रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, अशा शिस्तीत गेलो. तर वीज गेलेली. अविनाशचा कंपाउंडर रामदास म्हणाला, "सर, चार वाजता या. तोवर येईल लाइट."

बाहेर पडतो तोच नाना समोर. नाना माझा जुना मित्र, नशिराबादला त्याची शेती.

"सर, असं पोट धरून कुठे हिंडताय? मळ्यात भरीत लावलंय. बसा गाडीवर!"

बसलो. गप्पांत ताट पुढ्यात यायला अडीच-तीन वाजले. हिवाळ्याचे दिवस होते हो! कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, वर मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल. तेल किती? बोट बुडवलं तर नख दिसू नये. सुमनने माझं तेल दोन वर्षांपासून बंद केलं होतं. म्हणून मी दोन वर्षांचं एकदम खाल्लं. तिला अर्थात कळवलं नाही.

चार वाजता दवाखान्यात हजर. रामदास एकेकाला विचारत होता, "काही खाल्लंय का?" माझ्या पुढे पारोळ्याकडचे एक आबा होते.

"कपभर चहा लिधा फक्त, भाऊ."

"दुधाचा?"

"मंग काय पानीना?"

"मग उद्या या, आबा. उपाशी या."

"आरे, कपभर चहामा काय व्हयनं?" आबा माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा, गुरुजी!"

मला 'सांगा' म्हणायचा अवकाश! मी बाकावर सरसावून बसलो. म्हटलं, "आबा, यकृत म्हणजे केळीची बाग. तिथे पित्त तयार होतं. पित्ताशय म्हणजे वखार, तिथे ते साठतं. या वखारीला आतून उंच उंच पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. त्या पित्तातलं पाणी शोषून घेतात आणि पित्त दाट करतात. तुम्ही दूध, तूप, तेल काहीही स्निग्ध पोटात घातलं की आतड्याकडून वखारीला सांगावा जातो, माल सोडा! वखार आकसते, रिकामी होते. रिकामी वखार या मशीनला दिसणार कशी? म्हणून उपाशी यायचं."

"बठ्ठं समजनं, गुरुजी," आबांनी हात जोडले आणि मुकाट्याने बस स्टँडकडे गेले.

मला लसणाची ढेकर आली, ती मी रुमालात दाबली.

तुमच्या लक्षात आलं ना? आलं असणारच. माझ्या नाही आलं!

आणि रामदासने मला विचारलं का? छे! मला पाहताच तो उभा राहिला. "सर, तुम्ही लाइनीत कशाला बसलात? चला आत." ज्यांनी आपल्या डॉक्टरांना शिकवलं त्यांना 'काही खाल्लंय का' म्हणून कोण विचारणार?

अविनाशने पोटावर तो गार चिकटा लावला आणि यंत्राची मूठ फिरवू लागला. "श्वास धरा, सर. सोडा. डाव्या कुशीवर व्हा, सर." पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याच्या कपाळावर घाम.

"सर, लिव्हर उत्तम आहे. पण गॉलब्लॅडर सापडत नाहीये. ऑपरेशन वगैरे कधी..."

"नाही रे!"

"मग एक विचारू का, सर? म्हणजे तुम्हाला विचारणं बरं दिसत नाही, पण..."

"जन्मतःच नाही!" मी टेबलावर उठूनच बसलो. "अविनाश, अरे मी जन्मतः पित्ताशयरहित आहे!"

"सर, उद्या सकाळी पुन्हा एकदा बघू या का?"

"कोण कोणाला शिकवतंय?"

बिचाऱ्याने मान खाली घालून रिपोर्ट लिहिला. आजही त्याचा तो चेहरा आठवला की मला आपलं तोंड लपवावंसं वाटतं.

पण त्या क्षणी मला काय वाटत होतं, सांगू? आनंद! आता हा आनंदही तुम्हाला समजावून सांगावा लागेल. शरीररचना शिकवणाऱ्याला जन्मतः पित्ताशय नसलेला माणूस क्वचितच बघायला मिळतो. आणि मी जन्मभर मधल्या बाकावरचा माणूस. माझ्या नावावर ना शोध, ना पुस्तक. वर्गात हजेरी घेतानासुद्धा मला शंका यायची, की आपण हे बरोबर करतोय ना? अशा माणसाला निवृत्तीनंतर कळतं, की आपण आतून दुर्मिळ आहोत!

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे एक अवयव कमी?"

"कमी नाही, दुर्मिळ!"

"इतरांची माणसं काहीतरी असल्यामुळे मोठी होतात. तुम्ही नसल्यामुळे." तिने देठ मोडला. "आणि ती कळ कशाची होती, ते विचारलंत का?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

मी त्याच दिवशी धुळ्याला देशपांडेंना पत्र लिहिलं. देशपांडे माझे एकेकाळचे सहायक, आता विभागप्रमुख. सोबत देहदानाचा अर्ज भरून जोडला. लिहिलं, 'माझ्या पश्चात हे यकृत आपल्या संग्रहात असावे.' त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. काचेची नवी बरणी काढून ठेवली आहे, चिठ्ठी चिकटवली आहे, आणि सरांनी स्वतः येऊन मुलांना व्याख्यान द्यावं. मी मेहरूणमध्ये घरोघर ते पत्र दाखवलं. किराणा दुकानदाराने तर विचारलं, "सर, काही त्रास होत नाही ना?" मी धीराने हसलो.

बाराव्या दिवशी धुळ्याला गेलो. हॉल गच्च भरलेला. टेबलावर ती बरणी, रिकामी, आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'यकृत. जन्मतः पित्ताशयरहित.' खाली माझं नाव. खरं सांगतो, डोळे भरून आले. बरणीत का होईना, नाव राहणार होतं.

मी सोनोग्राफीचा फोटो वर धरला. यकृताच्या षटकोनी खंडिका, त्यांच्या मधून वाहणाऱ्या पित्ताच्या बारीक नळ्या, सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, "तुमचा माल बागेतून वखारीत जातो. माझा बागेतून थेट दिल्लीला!" टाळ्या पडल्या.

"काही शंका?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. यावलची, शेतकऱ्याघरची, हे मागाहून कळलं. हातात माझ्याच जुन्या नोट्सची झेरॉक्स.

"सर, यात तुम्ही लिहिलंय, की भरीत खाल्ल्यावर पाऊण तासात पित्ताशय पिळलेल्या फडक्यासारखं होतं. मग ज्यांना पित्ताशयच नाही, त्यांना भरीत पचतं का?"

"वा! हुशार आहेस!" मी म्हणालो. "पचतं म्हणजे काय? मस्त पचतं! यकृताचं पित्त थेंब थेंब येतच असतं ना! आता माझंच बघ. याच सोनोग्राफीला जायच्या आधी तासभर मी मळ्यात चांगलं तेलात पोहणारं भरीत..."

आणि मी थांबलो.

ती मुलगी एकदा झेरॉक्सकडे बघते, एकदा माझ्याकडे. देशपांडे बरणीकडे बघतायत. मग मागच्या बाकावर कोणीतरी फुस्सकन हसलं. पुढचं विचारू नका. दीडशे मुलं हसत होती आणि शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, मीही.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी अविनाशकडे गेलो. रामदासने भिंतीकडे बघत विचारलं, "सर, काही खाल्लंय का?" पडद्यावर पित्ताशय टम्म भरलेलं, अगदी पुस्तकातल्यासारखं. खडा नाही, काही नाही. कळ नुसत्या वायूची होती. आबांचं पित्ताशय म्हणे दुसऱ्याच दिवशी पहिल्या फटक्यात स्वच्छ दिसलं होतं. त्यांना समजावून सांगणारा चांगला भेटला होता ना!

घरी सुमनला सगळं सांगावं लागलं. तिला पित्ताशयाचं काही वाटलं नाही. तेलाचं वाटलं. चार दिवस बोलली नाही.

पंधरवड्याने देशपांडेंचं पत्र आलं. देहदानाचा अर्ज मंजूर होता. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती: 'सर, फक्त येताना उपाशीपोटी यावे, ही विनंती.'

मी उलट टपाली कळवलं, प्रयत्न करीन. हिवाळा असला तर मात्र खात्री देत नाही.