बंगल्यावरून न दिसणारा चर

शर्वरीचा डोळा लागतोय, आणि तो लागू नये अशी तिची फार इच्छा आहे. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाहुणे चहाला बसलेत. घरच्या सुनेनं इकडे आरामखुर्चीत पेंगावं हे काही शोभत नाही. पण महिनाभर बागेमागे धावून अंग नुसतं आंबून गेलंय. समोरच्या हिरवळीवर सहा वर्षांची ओवी चेंडू घेऊन हुंदडतेय. इतक्या माणसांच्या डोळ्यांसमोर पोर आहे, काळजी कसली?

पाहुण्यांना कौतुक आहे ते हिरवळीचंच. इनामदारांच्या या बंगल्याची बाग कोण्या गोऱ्या साहेबानं आखलेली. हिरवळ थेट डोंगराला भिडल्यासारखी दिसते, मध्ये कुंपण नाही. गुरं आत शिरू नयेत म्हणून हिरवळीच्या पलीकडच्या कडेला पुरुषभर खोल चर खणलाय, पण बंगल्यावरून तो अजिबात दिसत नाही. हीच म्हणे त्यातली गंमत. शर्वरीच्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, तरुणपणीच तो बुजवून टाकला होता. का, ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ते गेल्यावर सूनबाईंनी तो मोठ्या हौसेनं पुन्हा उकरून घेतला.

"बाग छान उकरलीस, सूनबाई."

शेजारच्या खुर्चीत आबासाहेब बसलेत. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलंय. शर्वरी लगबगीनं उठायला जाते, तर पायांखाली फरशी नाही, गवत आहे. दिवाणखान्यातही गवतच. जेवणाच्या टेबलाखालून ते सरळ डोंगराकडे निघालंय.

"मूळ होती तश्शीच केली, आबासाहेब," ती म्हणते. मेलेल्या माणसाकडूनही तिला शाबासकी हवीच आहे.

"चल, दाखव."

ते तिचं मनगट धरतात. पकड गार आणि घट्ट. दोघं टेबलाच्या कडेकडेनं चालतात, आणि भिंती कधी मागे पडल्या ते तिला कळत नाही.

"इथून काय दिसतं?"

"गवत. पार डोंगरापर्यंत."

"आम्हालाही तेवढंच दिसलं." आबासाहेब तिच्याकडे बघत नाहीत. "माझ्या पाठचा भाऊ, विश्वास. पतंगामागे धावत होता. आम्ही सगळे व्हरांड्यात. धावता धावता दिसेनासा झाला. आम्हाला वाटलं, लबाड लपून बसलाय. आईसाहेब तर हसल्या. चहा संपेपर्यंत कुणी उठलं नाही."

शर्वरी मनगट सोडवून घ्यायला बघते.

"ओवी कुठाय, सूनबाई?"

आता तिला जागं व्हायचंय. हे स्वप्न आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी पापण्या उघडत नाहीत, घशातून आवाज निघत नाही. मनगटावरची बोटं आवळत जातात, हाड दुखेपर्यंत.

"अगं, ऊठ!" आबासाहेब ओरडतात.

व्हरांडा. ऊन. हिरवळीवर कुणीही नाही.

"नजर कुठे अडतच नाही हो!" एक पाहुणे म्हणताहेत, आणि तिचा नवरा संग्राम त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी धरतोय.

"ओवी कुठाय?" शर्वरी ओरडते.

"आत्ता तर इथंच होती. लपली असेल कुठेतरी," तो हसत म्हणतो.

ते हसू पाहून तिच्या अंगावर काटा येतो. ती अनवाणी धावत सुटते. चराच्या काठावर येईपर्यंत तिलाही गवताशिवाय काही दिसत नाही. मग एकदम खाली ओवी दिसते. पाय मुडपलेला, रडून रडून आवाज बसलेला. शर्वरी कसलाही विचार न करता उडी टाकते आणि पोरीला छातीशी घट्ट धरते.

"आई, मी किती हाका मारल्या गं!"

वरून कपबश्यांची किणकिण अगदी स्पष्ट ऐकू येतेय. कुणीतरी खो खो हसतंय. शर्वरी जीव खाऊन बोंब मारते, तेव्हा कुठे खुर्च्या सरकतात.

संग्राम धापा टाकत काठावर पालथा पडतो, हात खाली सोडतो. तिनं वर केलेला हात पाहून मात्र तो थबकतो. मनगटावर चार बोटं आणि अंगठा उठलाय, काळानिळा, चांगल्या थोराड माणसाचा.

"शर्वरी, कुणी धरलं होतं तुला?"

"अहो, आधी लेकीला वर घ्या," ती म्हणते. "आणि गड्यांना हाक मारा. आजच्या आज माती टाकायचीय."